तीन प्रश्नचिन्हांचं गाणं

संपादकांचं पत्र आलं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं. मी पंचवीस वर्षं चेन्नईत लोकांचे संगणक दुरुस्त केले. गमती आठवायला बसलो की दर वेळी रागच वर येतो. त्यातला निम्मा लोकांवरचा आहे आणि निम्मा माझ्यावरचा. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढतोय, ज्याला झेपेल त्याने खावी.

माझं दुकान अयनावरमला होतं. वडील मिरजेहून इथल्या रेल्वेच्या कारखान्यात आले, मी इथेच वाढलो. त्यामुळे भांडायला तमिळ आणि कुढायला मराठी, अशी माझी सोय आहे. दोन हजार सालानंतर शहराच्या दक्षिणेला, सिरुसेरीकडे, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले संगणक बाहेर काढू लागल्या. मुलगा असा एखादा जुना डबा आणून वडिलांच्या टेबलावर ठेवी, "अप्पा, आता ईमेल करत जा" म्हणे आणि परदेशी निघून जाई. सहा महिन्यांत त्या डब्यात व्हायरसची जत्रा भरे. मग ते अप्पा डबा ऑटोत घालून माझ्याकडे आणत.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. संगणकात दोन जागा महत्त्वाच्या. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, सगळं सामान तिथे राहतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, त्या वेळी जे शिजतंय तेवढंच त्यावर मांडायचं. नवं विंडोज यायचं ते दर वेळी आणखी मोठा ओटा मागत यायचं. जुन्या यंत्राचा ओटा चौसष्ट एमबीचा, एक पोळपाट ठेवला की भरला. यंत्र धडधाकट, पण नवं काही मावत नाही म्हणून लोक ते भंगारात देत. चालतं यंत्र फेकणाऱ्या माणसाची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

यावर माझ्याकडे उपाय होता लिनक्सचा. विंडोजच्या जागी बसणारी ही दुसरी व्यवस्था, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कोणीही घ्यावी, कोणीही बदलावी. पण लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. काही जाडजूड, काही हलकी, काही देखणी, काही नुसत्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणारी. जुन्या यंत्राला कुठलं मानवेल आणि नवशिक्याला कुठलं झेपेल हे ठरवणं, हा माझ्या धंद्याचा मोठा भाग झाला. नावं सांगत नाही. एकेका लिनक्सचे भक्त आजही बाह्या सरसावून येतात आणि माझं आता वय झालंय.

नायडू सार नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांच्या डब्यावर मी मोठ्या हौसेने लिनक्स घालून दिलं. ते तीनदा परत घेऊन आले. तिसऱ्या खेपेला मी वैतागून विचारलं की नेमकं बिघडलंय काय. ते म्हणाले, पत्ते. विंडोजमधला डाव जिंकला की पत्ते टणाटण उड्या मारत खाली यायचे, इथे तसे येत नाहीत. मी त्यांना स्वातंत्र्य, समता आणि मुक्त सॉफ्टवेअर यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डबा उचलला आणि समोरच्या दुकानातून पुन्हा जुनं विंडोज घालून घेतलं. तेव्हा मी त्यांना हटवादी म्हणालो. बायको गेलेला तो माणूस दिवसभर त्या पत्त्यांसमोर बसायचा हे मला पुढे कळलं, आणि मी ते आधी विचारलेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. साल दोन हजार पाचच्या आसपासचं. कार्तिगैचे दिवे नुकतेच लागून गेले होते. तिरुवल्लिक्केणीहून एक बाई दुकानात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, सुती नऊवारी, हातात कापडी पिशवी. मागून ऑटोवाला डबा घेऊन आला. नाव रुक्मिणीबाई. घराणं तंजावरचं, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकलं की मला आपण कालच बोलायला शिकलो असं वाटायचं.

त्यांची मागणी साधी होती. मुलगा म्हणतो हें टाकून दे, नवें घे, पण मज नवें नको, हें चालतें करून दे. नातीचं, वैदेहीचं लग्न पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर लागणाऱ्या तै महिन्यात होतं. मशीनमध्ये गाणी होती आणि ती लग्नाआधी छापायची होती.

ही गाणी म्हणजे तंजावरकडच्या मराठी बायकांची लग्नातली गाणी. नलंगूच्या, म्हणजे नवरानवरीच्या खेळांच्या वेळी, झोपाळ्यावर नवरानवरी बसवल्यावर म्हणायची. रुक्मिणीबाईंच्या आईला ती सगळी तोंडपाठ. कुठे लिहिलेली नाहीत. आई नव्वदीला आल्यावर बाईंनी तिला संगणकाशेजारी खुर्चीत बसवलं आणि दोन वर्षं रोज सकाळी एकेक गाणं उतरवून घेतलं. शेवटचं गाणं झाल्यावर चार महिन्यांनी आई गेली. कागदावर एक अक्षर नव्हतं, प्रिंटर कधीच मेलेला होता.

मी विचारलं, आणखी काही ठेवायचंय का, फोटो, ईमेल? त्या म्हणाल्या, "गाणीं सांभाळ. बाकी सगळें गेलें तरी परवा इल्लै." मी 'आई' नावाचा फोल्डर माझ्या दुकानातल्या एका डिस्कवर उतरवून घेतला आणि त्यांची डिस्क कोरी केली. इथवर मी स्वतःवर खूश होतो.

मग लिनक्स निवडायची वेळ आली. आमच्याकडे लिनक्सवाल्यांचा एक गट महिन्यातून एकदा एका कॉलेजच्या वर्गात जमायचा. त्यात सेंदिल नावाचा सिरुसेरीचा एक इंजिनिअर होता, हुशार आणि तितकाच आखडू. नवशिक्याने काही विचारलं की तो सांगायचा, आधी माहितीपुस्तिका वाचून ये. मी त्याला विचारलं, सत्तरीची बाई, चौसष्ट एमबी रॅम, काय घालू? त्याने त्याचं लाडकं नाव सांगितलं. ते घालायला मला दोन दिवस लागले आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहिला. यंत्राने माउस ओळखावा म्हणून तीन फाइली हाताने लिहाव्या लागत होत्या. ज्याने आयुष्यात आपल्या आईला चहा कुठल्या कपात आवडतो हे बघितलं नाही, त्याला मी म्हाताऱ्या बाईसाठी यंत्र कसं असावं हे विचारायला गेलो होतो.

मग मी त्या काळात सगळे ज्याचे गोडवे गात होते ते देखणं लिनक्स घातलं. ते सुरू व्हायला इतका वेळ घेई की मी मधल्या वेळात कोपऱ्यावर कॉफी पिऊन येत असे. शेवटी एक छोटं सापडलं. झटपट उघडणारं, खाली मोठी बटणं, एक लिहायचं, एक वाचायचं, एक बंद करायचं. मी त्यातली बटणंही कमी केली, अक्षरं ठळक केली, अगदी बालवाडीसारखं करून ठेवलं. नवशिक्या बाईसाठी याहून सोपं काही असूच शकत नाही, असं मी बायकोला जेवताना सांगितलं.

देण्याआधी तपासावं म्हणून एक गाणं उघडलं. पडद्यावर मराठीचं नावही नाही. इंग्रजी अक्षरांचा कचरा, मधेमधे विचित्र चिन्हं, टोपी घातलेले ए आणि शेपटीवाले सी. दुसरं उघडलं, तेही तसंच. सगळीच तशी.

मला वाटलं व्हायरस. आणि इथे मी ते केलं, ज्यासाठी मी दुसऱ्या कोणाला दुकानातून हाकलून दिलं असतं. आमच्या धंद्यात पहिला नियम असतो, मूळ प्रतीला हात लावायचा नाही, तिची नक्कल करून नकलेवर काय ते प्रयोग करायचे. हा नियम मी दहा जणांना ओरडून शिकवला होता. त्या दिवशी मी त्याच एकुलत्या फोल्डरवर एका ओळीची आज्ञा चालवली, की जी चिन्हं साध्या इंग्रजीत बसत नाहीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घाल. कचरा साफ होईल आणि खालून काहीतरी निघेल, अशी माझी अक्कल. पापणी लवायच्या आत सगळ्या गाण्यांवर प्रश्नचिन्हांचा सडा पडला आणि खालून काहीच निघालं नाही.

मी रुक्मिणीबाईंना फोन केला आणि सांगितलं, तुमच्या फाइली व्हायरसने खाल्ल्या. वर हेही म्हणालो, की अशा महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत ठेवायची असते, मावशी, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

रुक्मिणीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. म्हणाल्या, काय उरलें तें दाखव. मी पहिली फाइल उघडली. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं हलायला लागली. मला वाटलं थरथरताहेत. पण ती टेबलावर ठराविक जागी पडत होती, डावी तर्जनी खाली, उजवं मधलं बोट मधे. पडद्यावरचा पहिला शब्द होता व्ही, के, बी आणि मोठा झेड.

"अ. काना. इ. वर रफार," त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई. हें तर 'आई' आहे रे बाबा. व्हायरस नाही हें. हीं माझीं बोटें आहेत."

रुक्मिणीबाईंनी केंद्र सरकारच्या एका कचेरीत तीस वर्षं हिंदी टंकलेखिका म्हणून काम केलं होतं. चेन्नईत नागरी टंकयंत्र चालवणाऱ्या बायका किती असणार? साहेब सांगणार, ह्या थेट यंत्रावर उतरवणार, आधी कागदावर लिहिणं वगैरे भानगड नाही. आईची गाणीही त्यांनी तशीच घेतली, कानातून थेट बोटांत. म्हणून वही नव्हती. निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या कोणीतरी त्यांना एका फ्लॉपीवर नागरी फॉन्ट दिला होता. जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे असायचे. आत अक्षर इंग्रजीच, वर मुखवटा मराठीचा. बटणांची जागा जुन्या टंकयंत्राचीच. मी गाणी जपली आणि मुखवटा डिस्कबरोबर पुसून टाकला. फ्लॉपीला समुद्राच्या हवेने केव्हाच बुरशी धरली होती. रिची स्ट्रीटच्या संगणक बाजारात तमिळ फॉन्टच्या सीड्या ढिगाने, नागरी एक नाही.

हे कुठल्याही मराठी माणसाच्या लक्षात आधी यायला हवं होतं. मी मराठी, फाइली मराठी, आणि माझ्या डोक्यात आलं काय, तर व्हायरस. इंग्रजीत शिकलेल्या धंद्याने मला इंग्रजीचेच डोळे दिले होते. आणि जिच्या बोटांना न बघता सबंध कळफलक पाठ, तिला मी नवशिकी समजून बालवाडी मांडून देत होतो.

रुक्मिणीबाई दोन-तीन ओळी भराभर वाचत गेल्या. मग अडखळल्या.

"हीं प्रश्नचिन्हें मी टंकलेलीं नाहींत. कां म्हंटलें तर गाण्यांत आई कोणास कांहीं विचारीत नाही. हीं कोणाचीं?"

"माझी," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. नेहमीची अक्षरं साध्या बटणांवर होती म्हणून वाचली. अवघड जोडाक्षरं त्या आकडे दाबून काढत, ती त्या विचित्र चिन्हांत होती, आणि तीच मी झाडून टाकली होती. आईच्या तोंडच्या जुन्या मराठीत जोडाक्षरं पावलोपावली. रुक्मिणीबाईंनी मला चार शब्द सुनवायला हवे होते. त्याऐवजी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, मी वाचते, तू कोणत्या इंग्रजीला कोणतें अक्षर तें लिहून घे.

पंधरा दिवस त्या रोज सकाळी यायच्या. बोटं टेबलावर, डोळे पडद्यावर. तक्ता तयार झाला तसा मी इंग्रजी कचऱ्यातून खरी नागरी अक्षरं काढणारा छोटा प्रोग्राम लिहायला बसलो. मी हार्डवेअरचा माणूस, मला ते धड जमेना. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, नव्या पद्धतीत ती नंतर येते, आणि माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्या वेलांट्या शेजारणीच्या घरी जाऊन बसत. त्यात ते छोटं लिनक्स नागरी नीट जोडूनच दाखवेना. म्हणून तेही काढलं आणि जरा जड पण मराठी दाखवणारं चौथं घातलं, त्यावर बटणं-खिडक्यांचा हलका पडदा चढवला. ओटा अपुरा होता म्हणून दुसऱ्या मेलेल्या यंत्रातला रॅमचा तुकडा काढून बसवला.

वेलांटीसाठी गटाच्या बैठकीत सेंदिलकडे गेलो. शिवाय बाईंना टंकयंत्राचाच कळफलक हवा होता. तो म्हणाला, जुना कळफलक कशाला, आंटीने नवा प्रमाण कळफलक शिकावा, तो शास्त्रीय आहे. माझा तोल गेला. मी भर वर्गात तमिळमध्ये त्याला विचारलं, "एडिटर प्रोग्राममधलं एक बटण बदललं म्हणून तू सहा महिने सगळ्या जगाला पत्रं लिहीत होतास. आणि त्या बाईने तीस वर्षांची बोटं मोडून घ्यायची?" दोन दिवसांनी सेंदिल दुकानात आला, बाईंना कुठलं बटण काय हे विचारत तासभर त्यांच्याशेजारी बसला आणि वेलांटीही घरी पाठवून गेला. मी त्याचे आभार मानले नाहीत, मानायला हवे होते.

राहिली प्रश्नचिन्हं. शेकड्यांनी होती. बाईंनी एकेक गाणं म्हणून बघितलं आणि आठवेल तसं अक्षर भरलं. कधी अडल्या की डोळे मिटून आईच्या आवाजात गुणगुणायच्या, आणि शब्द यायचा. एक जागा मात्र भरेना. झोपाळ्याच्या गाण्यात नवरीच्या वेणीत आई काहीतरी माळते. काय माळते, तो शब्द गेला होता. तीन प्रश्नचिन्हं आणि त्यांच्या मधे एक काना, एक वेलांटी. फूल असेल, दागिना असेल. बाईंनी तंजावरला दोन म्हाताऱ्यांना फोन केले, त्यांनाही येईना. आईचाच शब्द होता तो, तिच्याबरोबर गेला, आणि जिथे तो एकदा उतरवून ठेवलेला होता तिथून मी पुसला. महिन्याभराने पुण्याहून एका मित्राने त्या फॉन्टची सीडी पाठवली. मुखवटा मिळाला, पण प्रश्नचिन्हाला कुठलाही मुखवटा चढवला तरी ते प्रश्नचिन्हच राहतं.

मी म्हणालो, मावशी, तिथे मोगरा घाला, मात्रांत बसतो, कोणाला कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"आईनें मोगरा म्हंटलें नाही. राहूं दे तें तसेंच."

पुस्तिका छापून झाली. वर नागरी, खाली तीच ओळ तमिळ लिपीत, कारण घरातल्या नव्या मुलींना नागरी वाचता येत नाही. दोन्ही ओळींत तीन प्रश्नचिन्हं. मला लग्नाचं आमंत्रण होतं आणि जायची अजिबात इच्छा नव्हती. गेलो. झोपाळा सजवला होता, मुली हातात पुस्तिका घेऊन म्हणत होत्या. ती ओळ आली आणि सगळ्या थबकल्या. वैदेही झोपाळ्यावरून वळून म्हणाली, "पाट्टी, इथे काय म्हणायचं?"

रुक्मिणीबाईंनी तालावर तीन टाळ्या वाजवल्या आणि पुढची ओळ धरली. मुलींनीही हसत तीन टाळ्या वाजवल्या. मी मागे खांबाशी उभा होतो.

त्यांचा तो डबा पुढे तीन वर्षं चालला. त्या जाईपर्यंत चालला. मुलाने नंतर तो भंगारात दिला, आणि ते कळलं तेव्हा मी त्याच्याशी फोनवर जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

त्यानंतर वर्षभराने त्यांच्याच नात्यातल्या एका लग्नाला गेलो. मैलापूरचा हॉल, केळीच्या पानावर पंगत, पलीकडे झोपाळ्याची गाणी चाललेली. पुस्तिका आता कोणाच्या हातात नव्हती, मुलींना पाठ झाली होती. ती ओळ आली, आणि 'आईने वेणीत माळलं' असं म्हणून सगळ्यांनी एका तालात तीन टाळ्या वाजवल्या. कोणी अडखळलं नाही, कोणी विचारलं नाही. माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या एका मुलीला मी विचारलं, इथे टाळ्या कशाला गं?

"ती आमची जुनी पद्धत आहे अंकल," ती म्हणाली. "तीनशे वर्षांची असेल."

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. तिला सांगायला हवं होतं की पोरी, ती पद्धत अयनावरमच्या एका दुकानात, एका घाईच्या सकाळी, मी तयार केली आहे, आणि तिथे एक शब्द होता. पानात पायसम वाढलं होतं, मी ते खाल्लं. ते गोड लागलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.